कारणाचा रकाना

पहाटे साडेचारला उठायचं, एडिथची झोप न मोडता,
बूट हातात घेऊन दारापर्यंत.
पिवळी बस अंगणात बर्फाखाली असायची.
काचेपुरतं खरवडून तिला रिकामीच काढायची
सात मैल, स्नूकांच्या खाडीवरच्या चढापर्यंत.

चढावर मधोमध ब्रेक दाबायचा.
बस जागच्या जागी थांबली, तर शाळा भरणार.
घसरली, तर नाही.
मंडळाची नियमावली चाळीस पानांची आहे,
पण न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
शाळा माझ्या उजव्या पायावर भरायची.

मग रेडिओ स्टेशनवर मॉडला फोन.
"बंद," मी म्हणायचो.
"कारण काय लिहू, सेल्बी?"
तिच्या कागदावर कारणाचा रकाना होता.

वीस हिवाळे मी तो भरत आलो.
बर्फ. बर्फावर पाऊस. समुद्राकडचा वारा.
बॉयलर फुटला आणि गंजाचं पाणी
थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर.
एकदा रस्त्यात मूस बसली होती, हॉर्नला भीक घालेना.
मॉड पोट धरून हसली, पण वाचताना गंभीरपणे म्हणाली,
"रस्त्यात अडथळा."
घरोघरी पायजमे उलटे घालून झोपलेली पोरं
रेडिओला कान लावून.
आपल्या शाळेचं नाव आलं की
खाडीच्या या काठाची आरोळी त्या काठाला ऐकू जायची.

मी स्वतः शाळा पुष्कळ बुडवली.
बापाच्या होडीत बसलो, कॉड चिरायला शिकलो,
मास्तर घरी आले तेव्हा आई म्हणाली,
तो शिकतोच आहे की.
खरंच होतं ते, मासे संपेपर्यंत.

पुढे मासेमारीवर बंदी आली.
त्या दिवशी ऊन होतं, रस्ता कोरडा होता,
मॉडला फोन करावा असं काहीच नव्हतं.
हाइन्स अल्बर्टाला गेले, तेलाच्या खाणीत,
आधी बाप, मग आई, मग तिन्ही पोरं.
टिझर्डांनी घराला कुलूपसुद्धा लावलं नाही,
घेणार कोण?
बस अठ्ठेचाळीस सीटांची.
एकोणीस. अकरा. सहा.
मग पटावर एकटी ब्रिएल स्नूक.

ती डावीकडे तिसऱ्या ओळीतच बसायची.
म्हटलं, पुढे ये, हीटर आहे.
"माझी जागा ही आहे," म्हणाली,
आणि शेजारची सीट दप्तराने अडवून ठेवली.

राजधानीतून एक माणूस प्रोजेक्टर घेऊन आला.
भिंतीवर एक रेघ उतरत गेली
आमच्या चढासारखी, फक्त ब्रेक नसलेली.
चहा झाला. एडिथने जर्दाळूचे केक केले होते, ते उरले.
मी विचारलं, कारण काय लिहिणार?
"पटसंख्या," तो म्हणाला.
मी म्हटलं, ते तर ताप मोजल्यासारखं झालं,
आजाराचं नाव सांगा.
त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.
भला माणूस असावा. डोळे वर केले नाहीत त्याने.

जूनमध्ये शेवटची घंटा झाली.
शाळा रोज सुटायची तशीच सुटली,
ब्रिएल पळत पळत बसकडे आली,
मग आठवून मागे वळली,
हुकावरचा कोट राहिला होता.

आता बस मंडळाने नेली. पिकअप आहे.
साडेचारला डोळा उघडतो, त्याला कोण सांगणार?
आज चढापर्यंत जाऊन आलो.
रात्रभर बर्फ, पण भुसभुशीत, धरणारा.
मधोमध ब्रेक दाबला.
गाडी जागच्या जागी थांबली.

मॉडला फोन लावला.
ती बराच वेळ बोलली नाही,
मागे हवामानाचं संगीत वाजत होतं.
"सेल्बी," म्हणाली, "कशासाठी?"
म्हटलं, काही नाही. रस्ता ठीक आहे.
लिहून ठेव.